कंदिलाच्या उजेडातला राक्षस

भयपटांच्या मोठ्या कुळात राक्षसपट ही एक वेगळी शाखा मानली जाते. तिच्यात भीतीचे कारण पछाडलेल्या मनात किंवा न दिसणाऱ्या आत्म्यात नसते. हाडामांसाचे, जागा व्यापणारे आणि मुख्य म्हणजे भूक लागणारे एक शरीर पडद्यावर उभे असते आणि त्या शरीराला तोंड देण्यावाचून पात्रांना गत्यंतर नसते. ही शाखा जर्मनीत आणि अमेरिकेत १९२० ते १९४० या काळात घडली आणि पुढे जगभर तिच्या नकला झाल्या; परंतु तिची मूळ शिस्त पाळून, तरीही तिच्यातला एकही राक्षस उसना न घेता केलेला अलीकडचा चित्रपट शोधायचा झाला, तर १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या, राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’चे नाव घ्यावे लागते. चित्रपटाची भाषा हिंदी असली, तरी त्याचा वाडा, त्याचा पाऊस, त्यातली नावे आणि त्याचे दिग्दर्शक ही सारी मराठी आहेत. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे राही हे पुत्र होत.

जुन्या राक्षसपटांची शिस्त म्हणजे काय, हे आधी पाहणे बरे. रोबेर्ट वीने यांच्या १९२० सालच्या ‘डॉ. कॅलिगारी’त घरे तिरपी होती, खिडक्या वेड्यावाकड्या होत्या आणि सावल्यासुद्धा पडद्यांवर रंगाने काढलेल्या होत्या. मनातली अस्वस्थता भोवतीच्या वस्तूंच्या आकारातच उतरवणाऱ्या या शैलीला अभिव्यक्तिवाद म्हणतात. दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, मुर्नाऊ यांनी ‘नोस्फेराटू’ करताना उलटी वाट धरली. त्यांनी खरे किल्ले, खरी गावे, खरा समुद्र निवडला आणि त्या खऱ्या जगात एक अशक्य देह आणून सोडला. जिन्यावरून वर सरकत जाणारी त्या देहाची सावली त्या देहाहूनही अधिक लक्षात राहिली. पुढे १९३१ मध्ये युनिव्हर्सल या अमेरिकी कंपनीने जेम्स व्हेल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढला, तेव्हा रंगभूषाकार जॅक पियर्स यांनी कापूस, कोलोडियन नावाचा चिकट द्राव आणि रंग यांच्या साहाय्याने बोरिस कार्लोफ यांच्या कपाळावर ते प्रसिद्ध चौकोनी डोके रोज काही तास बसून उभारले. आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे नटाचे नाव न देता केवळ प्रश्नचिन्ह छापण्यात आले होते.

या सगळ्यांतून एक रीत पक्की झाली. राक्षस उशिरा दाखवायचा, दाखवला तरी अपुऱ्या उजेडात दाखवायचा आणि तो शक्यतो कोणा जिवंत नटाच्या अंगावर हातांनी घडवायचा. शिवाय त्याला काहीतरी नियम घालून द्यायचा. रक्तपिपासूला सूर्यप्रकाश सोसत नाही, चंद्रपिशाच्च पौर्णिमेलाच बाहेर पडते, यांसारखे नियम भाबडे वाटतात खरे, पण गोष्टीचा सगळा ताण त्यांच्यावर तोललेला असतो. कारण काहीही करू शकणाऱ्या शक्तीपुढे माणूस फक्त घाबरू शकतो, परंतु नियमाने बांधलेल्या शक्तीशी तो डाव खेळू शकतो, आणि डाव म्हटला की लोभ आलाच.

मराठी लोकसमजुतीत भुतांची उणीव कधीच नव्हती. मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी मेलेल्या मुलाचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. म्हणजे प्रत्येक भुताला ठरलेला पत्ता असतो आणि अपुरी राहिलेली इच्छा असते. तथापि ही सारी मेलेली माणसे आहेत आणि त्यांच्याशी बोलणी करता येतात, त्यांना नैवेद्य देता येतो, गाऱ्हाणे घालता येते. राक्षसपटाला लागणारा, कधीच माणूस नसलेला आणि तरीही दयेला पात्र ठरणारा जीव या परंपरेत आयता सापडत नाही, म्हणून ‘तुंबाड’ला स्वतःची पुराणकथा रचावी लागली. त्या कथेनुसार सर्व देवांना जन्म देणाऱ्या समृद्धीच्या देवीचे पहिले आणि सर्वांत लाडके अपत्य म्हणजे हस्तर. आईच्या हाती असलेले सारे सोने आणि सारे धान्य त्याला हवे होते. सोने त्याने मिळवले, पण धान्याला हात घालण्याआधीच इतर देव त्याच्यावर तुटून पडले आणि आईने त्याला आपल्या गर्भात परत घेऊन वाचवले, ते या अटीवर, की त्याची पूजा कधीही होणार नाही. तेव्हापासून तो सोन्याच्या राशीवर उपाशी बसलेला आहे.

हस्तर हे नाव भारतीय पुराणांत आढळत नाही. अमेरिकी लेखक अँब्रोज बिअर्स यांच्या एकोणिसाव्या शतकातील एका कथेतला आणि नंतर लव्हक्राफ्टच्या परंपरेत शिरलेला ‘हॅस्टर’ त्याच्या फार जवळचा आहे. असली उसनवारी मराठी भयकथेला नवी नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ बेतली आणि ती इतकी इथली केली, की कित्येक वाचकांना मूळ पुस्तकाचा पत्ताही नव्हता. ‘तुंबाड’चे बीजही धारपांकडेच जाते. १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने सांगितलेल्या धारपांच्या कथेने आपली झोप उडवली, असे बर्वे यांनी मुलाखतींत सांगितले आहे; खाटेवरची भयंकर म्हातारी आणि तिच्यासोबत घरात एकटा सापडलेला मुलगा हा त्या कथेचा गाभा, आणि तोही किंगच्याच ‘ग्रॅमा’ या कथेशी नाते सांगणारा. चित्रपटाचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून घेतलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या गावाचे ते नाव असून कादंबरीच्या कथानकाचा चित्रपटाशी काही संबंध नाही. अमेरिकी कथेची म्हातारी, धारपांचे मराठी घर आणि पेंडशांच्या कोकणातले गाव अशी ही तीन पदरांची वीण आहे. ती कोणाला उसनी वाटली तरी वाटो, पण ‘नोस्फेराटू’ हाही ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून परवानगी न घेता बेतलेलाच होता आणि तिचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावल्यावर त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम न्यायालयाने दिला होता. राक्षसांची वंशावळ सहसा स्वच्छ नसते.

‘तुंबाड’चे खरे सामर्थ्य त्याच्या नियमात आहे आणि तो नियम स्वयंपाकघरातला आहे. हस्तरला धान्याची भूक, म्हणून त्याच्यासाठी कणकेची बाहुली न्यायची. वाड्यातल्या विहिरीसारख्या खोल तोंडातून दोराने देवीच्या गर्भात उतरायचे, लालसर ओलसर मांसल भिंतींच्या त्या पोकळीत स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखायचे आणि बाहुली पुढे करायची. वरून काहीतरी उतरते, पिठावर तुटून पडते, आणि ते खाण्यात गुंग असतानाच्या त्या चार-दोन क्षणांत त्याच्या लंगोटाला हिसडा मारायचा, की सोन्याची नाणी खळकन जमिनीवर सांडतात. ती गोळा करून दोराने वर यायचे. या कृतीत मंत्र नाही, तंत्र नाही, होमहवन नाही. आषाढाच्या अमावास्येला ज्या घरांत कणकेचे दिवे करतात आणि दृष्ट लागली म्हणून तिकाटण्यावर भाताचा उतारा ठेवतात, त्या घरांतल्या प्रेक्षकाला ही बाहुली परकी वाटत नाही. उपाशी देवाला पिठाची लालूच दाखवून त्याचे कमरेचे सोडायचे, यात जो ओंगळपणा आहे, त्याची जाणीव चित्रपट मोठ्या शब्दांत करून देत नाही. नायक विनायक (सोहम शाह) ती नाणी कमरेला कशी खोवतो आणि पुण्याला परतल्यावर ती कशी मोडतो, एवढेच तो दाखवतो.

जुन्या राक्षसपटांशी त्याचे सर्वांत जवळचे नाते इथे जुळते. फ्रँकेन्स्टाइनचा जीव भयंकर होता, कारण त्याला घडवणाऱ्याने त्याला टाकून दिले. हस्तरही मुळात उपाशी ठेवलेले आणि नाव घ्यायला बंदी असलेले एक मूल आहे, जे आईच्या पोटातून पुन्हा कधी बाहेरच आले नाही. त्याच्यावर चालून जाणारा माणूस प्रौढ आहे, हिशेबी आहे आणि दरवेळी स्वखुशीने खाली उतरतो. राक्षस कोण, हा प्रश्न राक्षसपटात शंभर वर्षे विचारला जात आहे आणि बहुतेक चित्रपट तो शेवटच्या भाषणात विचारतात; ‘तुंबाड’ने तो लंगोटाच्या हिसड्यातच उरकला आहे.

हस्तरचा स्पर्श झालेल्या माणसाला मरण येत नाही, फक्त कुजणे येते. पहिल्या भागात, १९१८ साली, साखळीने बांधलेली जी म्हातारी दिसते, ती अशीच शापित आहे. तिला झोपवण्याचा मंत्र म्हणजे हस्तर येईल अशी भीती घालणे. दरवाज्याला कडी आहे, आत खुरखुर आहे, भावाला झालेल्या अपघातामुळे आई बाहेर गेली आहे आणि लहान विनायकाला आज एकट्याने तिला भरवायचे आहे. या प्रसंगात दिग्दर्शकाने चेहरा जवळजवळ शेवटपर्यंत राखून ठेवला आहे. आधी ताट, मग साखळी, मग घोरणे, आणि सर्वांत शेवटी ती. पंधरा वर्षांनी, १९३३ मध्ये, विनायक परत येतो तेव्हा म्हातारी अजून जिवंत आहे आणि तिच्या अंगातून झाड उगवले आहे. हे काम प्रामुख्याने रंगभूषेचे, म्हणजे नटाच्या अंगावर चिकटवलेल्या कृत्रिम कातडीचे आहे. संगणकावर काढलेला जीव कितीही सफाईदार असला, तरी त्याच्या भोवतीची हवा त्याला लागत नाही. चिकटवलेल्या कातडीवर मात्र कंदिलाचा उजेड खरोखर पडतो, तिच्याखाली नटाला खरोखर घाम फुटतो आणि समोरचा बालनट खरोखर दचकतो.

उजेडाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण छायालेखक पंकज कुमार यांना या चित्रपटासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो सुंदर देखाव्यांसाठी नव्हे, असे मानायला जागा आहे. वीज नसलेल्या काळातील घरात उजेडाचा स्रोत पडद्यावरच दिसतो. दिवा ज्याच्या हातात असेल तोच दिसेल आणि बाकीची चौकट काळी राहील, हे पथ्य चित्रपट कसोशीने पाळतो. कॅलिगारीतल्या रंगवलेल्या सावल्यांनी जे साधले, ते इथे तेलाच्या दिव्याने साधले आहे. दिवसाचे प्रसंग त्याहून अवघड होते, कारण तुंबाड गावात पाऊस कधीच थांबत नाही. हस्तरची पूजा मांडल्याबद्दल देवांचा कोप तिथे पावसाच्या रूपाने कोसळतो, अशी कथेतली योजना आहे, आणि त्यामुळे ढगाळ, करड्या उजेडाखेरीज दुसरा उजेड चालणारच नव्हता.

असा पाऊस टिपणे चित्रपटव्यवसायाच्या सवयीत बसणारे नव्हते. मुंबईच्या उपनगरात पावसाळ्याचे गणित ठरलेले असते. खारदांड्याच्या कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै या सरकारी मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि पुरुषमाणसे जाळी विणत बसतात. त्याच पट्ट्यात वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ (१९५४) आणि चित्रपटव्यवसायातल्या माणसांची दाट वस्ती आहे, आणि तो व्यवसायही या दिवसांत बाहेरची चित्रीकरणे शक्यतो टाळून छपराखाली शिरतो. ‘तुंबाड’चे वेळापत्रक नेमके याच्या उलट होते. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, मग बराचसा भाग नव्याने लिहून पुन्हा चित्रित झाला, आणि खरा पाऊस हवा म्हणून एकामागून एक पावसाळ्यांची वाट पाहत काम २०१५ पर्यंत लांबले. होड्या शाकारायच्या दिवसांत ही मंडळी कॅमेरा घेऊन बाहेर पडत होती, असे म्हणायला हरकत नाही. नळीने पाडलेला पाऊस सरळ रेषेत आणि चौकटीच्या पुढच्याच भागात पडतो, मागचे डोंगर कोरडे राहतात. ‘तुंबाड’मध्ये ओल क्षितिजापर्यंत जाते, आणि भीतीचा अर्धा भाग त्या ओलीतच आहे.

वाडा सासवडचा, पुरंदरे घराण्याचा आहे. खऱ्या वास्तूत खऱ्या पावसात चित्रीकरण करणे ही मुर्नाऊ यांची वाट, तर देवीच्या गर्भाची पोकळी हा संपूर्ण रचलेला देखावा, म्हणजे वीने यांची वाट. जमिनीवर एक शैली आणि जमिनीखाली दुसरी, अशी ही विभागणी जाणूनबुजून केली असो वा नसो, विनायक दोराने खाली उतरू लागला की प्रेक्षक एका चित्रपटपरंपरेतून दुसरीत उतरतो. डॅनिश संगीतकार येस्पर किड यांचे पार्श्वसंगीतही या उतरण्याला साथ देते.

हिंदी राक्षसपटाचा मागला मोठा अध्याय रामसे बंधूंचा होता. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) पर्यंत त्यांनी मुखवटे, धूर आणि पडके वाडे यांवर एक बाजार उभा केला; त्यांच्याकडे राक्षस होता, नियमही कधीकधी होता, पण दम धरण्याची सवय नव्हती. अलीकडचा ‘मुंज्या’ (७ जून २०२४) हा आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट कोकणातल्या लोकसमजुतीवर उभा असला, तरी त्याचे भूत संगणकावर घडलेले आणि विनोदाकडे झुकलेले आहे. त्याला यश मिळाले. भीती त्याने फारशी मागितलीच नव्हती.

‘तुंबाड’ची कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत चालते, आणि हे टप्पे शोभेचे नाहीत. पहिल्या भागात वाड्याच्या म्हाताऱ्या सरकारची सेवा करून एका नाण्याची आशा धरणारी बाई आहे, दुसऱ्यात स्वतःच वतनदार होऊ पाहणारा तिचा मुलगा आहे, आणि तिसऱ्यात देश स्वतंत्र होऊन वाडा सरकारजमा होण्याची वेळ आली आहे. मुंबई इलाख्यातला खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. ज्या चित्रपटाने नाव खोतांच्या कादंबरीवरून घेतले, त्याने कथा जमीनदारी मावळण्याच्या उंबरठ्यावर थांबवावी, यात एक औचित्य आहे. गुप्तधन हा विषयही इथे केवळ कल्पनेतला नाही. महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा उल्लेख करावा लागला, आणि तो कायदा आला तेव्हा या चित्रपटाचे चित्रीकरण चालूच होते.

चित्रपट निर्दोष नाही. आरंभीच निवेदनातून सगळी पुराणकथा सांगून टाकली आहे. ती म्हातारीच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी कळती, तर पहिल्या भागातली भीती अधिक खोल गेली असती. शेवटी एकाऐवजी अनेक बाहुल्या नेल्यामुळे अनेक हस्तर उतरतात, तिथे संख्या वाढते आणि दहशत कमी होते. एकटा राक्षस आणि एकटा माणूस ही जुन्यांची रीत मोडल्याची किंमत तिथे मोजावी लागली आहे. बायकांच्या वाट्याला या कथेत सेवा, वाट पाहणे आणि दळण यांपलीकडे फारसे येत नाही, हेही नोंदवले पाहिजे, जरी विनायकाची बायको वैदेही हिच्या भूमिकेत अनिता दाते-केळकर यांनी आहे तेवढ्या जागेत पुष्कळ काही केले आहे.

व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ २०१८ साली याच चित्रपटाने झाला, पण भारतात पहिल्या खेपेला त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याने पहिल्या प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई केली. दुसऱ्या खेपेला आलेल्यांपैकी बहुतेकांना हस्तर कसा दिसतो हे ठाऊक होते. तरीही ते आले.

शेवटच्या प्रसंगात शापित झालेला विनायक सोन्याने भरलेला अख्खा लंगोट मुलापुढे धरतो, आणि पांडुरंग तो नाकारून बापाला पेटवून देतो. पांडुरंगाची भूमिका मोहम्मद समद या बालनटाने केली आहे. पहिल्या भागातली साखळीने बांधलेली म्हातारी, तिच्या त्या सगळ्या चिकटवलेल्या कातडीखाली, तोच आहे.